ऐच्छिक भागीदारी

२९ जून १९५९, बंगळूर

आज दिवसभरात मराठीचं एक वाक्यही तोंडून निघालं नाही, हे संध्याकाळी बूट काढताना ध्यानात आलं. म्हणून ही वही घेतली.

मल्लेश्वरमच्या कॉमर्स कॉलेजात मर्कंटाइल लॉ शिकवायला लागून महिना होत आला. मुलं शांत बसतात, मी इंग्रजीत बोलतो, ती इंग्रजीत उतरवून घेतात. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बाकीचे सौजन्य म्हणून कन्नड सोडून इंग्रजीवर येतात आणि मग हळूहळू गप्पच होतात. मिरजेला असतो तर वकिली चालली नसती, हे खरं. पण तिथे न चालणाऱ्या वकिलालाही चौकात चार माणसं थांबवतात.

खोली चिकपेटच्या मागच्या गल्लीत, माडीवर. घरमालक हंबीरराव शिंपीकाम करतात. त्यांचे पूर्वज केव्हातरी फौजेबरोबर इकडे आले, तेव्हापासून हे इथलेच. मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटत असावी. जिन्यावर भेटलो की "सरी ना, मास्तर?" म्हणतात, म्हणजे ठीक ना. मी "सरी" म्हणतो. संभाषण तिथे संपतं.

११ जुलै

आज प्रस्ताव आणि स्वीकृती शिकवली. समोरचा गप्प राहिला म्हणजे त्याने होकार दिला असं धरता येत नाही, हे मुलांना पटवायला अर्धा तास लागला. एकजण म्हणाला, "पण सर, लग्नाच्या बाबतीत घरचे असंच धरतात." वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण तोवर तास संपला.

परतताना हंबीररावांच्या दुकानात डोकावलो. चिकपेटच्या गर्दीत, साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांमध्ये चेपलेलं आहे. पाटीवर 'हंबीरराव पिराजी अँड कंपनी'. त्यांचे भागीदार पिराजी गल्ल्याशी होते. बुटके, पान खाणारे, येणाऱ्या प्रत्येकाला "या अण्णा" म्हणणारे. हंबीरराव कापतात, पिराजी शिवतात आणि गिऱ्हाईक सांभाळतात. दोघांची तरुणपणापासूनची जोडी. दंडूत, म्हणजे कँटोनमेंटमध्ये, एका गोऱ्या शिंप्याच्या हाताखाली दोघं बरोबरच कोट शिकले.

मी सांगितलं, "तुम्ही पाटीवर कंपनी लिहिलंय, पण कायद्यानं ही कंपनी नव्हे."

"मग आम्ही कोण, मास्तर?" पिराजींनी विचारलं.

"भागीदार. दोघांत काही लिखापढी झाली आहे?"

दोघंही एकमेकांकडे पाहून हसायला लागले. लिखापढी नाही, मुदत नाही. म्हणजे ज्याला आम्ही 'पार्टनरशिप ॲट विल' म्हणतो ती. मराठीत ऐच्छिक भागीदारी म्हणता येईल. दोघांची इच्छा आहे तोवर चालायची.

२ ऑगस्ट, रविवार

हंबीरराव आज प्रथमच माडीवर आले. "स्वल्प येऊ का आत?" म्हणाले आणि माझ्या ट्रंकेच्या कडेवर टेकले.

घडलं ते असं. गावाबाहेर नवा कारखाना झालाय. तिथल्या कामगारांच्या गणवेशाचं मोठं काम पिराजींनी परस्पर घेतलं. हंबीररावांना विचारलं नाही. साहेबलोक गेल्यापासून कोटाचं गिऱ्हाईक आटलंय, दुकान चालायचं तर हे घ्यायलाच हवं, असं पिराजींचं म्हणणं. हंबीररावांचं म्हणणं, "मी माणूस बघून कापड कापणारा. एका मापाच्या गोण्या शिवायला मला सांगतो? आन् मला न विचारता?"

मग विचारलं, "त्यानं शब्द दिला. तो मला बांधील काय?"

मी पुस्तक काढून दाखवलं. धंद्याच्या नेहमीच्या कामात प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी असतो. त्याने केलेला करार सगळ्यांना बांधतो.

"म्हणजे त्याचं तोंड ते माझं तोंड?"

"कायद्याच्या दृष्टीनं, होय."

बराच वेळ बसले. मग उगाचच एका कर्नलच्या कोटाची गोष्ट सांगितली, की खांदा एकीकडे उतरलेला होता आणि तो झाकायला पिराजींनी आतून कशी भर घातली. मुद्द्याशी संबंध नव्हता, पण मी ऐकली. त्यांच्या पत्नी गंगव्वाअक्कांनी वर कॉफी पाठवली. इतकी चांगली संध्याकाळ या गावात मला अजून मिळाली नव्हती.

५ ऑगस्ट

कॉलेजच्या फाटकाशी पिराजी उभे. चिकपेटहून मल्लेश्वरमपर्यंत बसने आले होते. काय विचारायचं ते उघडच होतं. मी त्यांनाही तेच कलम सांगितलं. त्यांना आनंद होईल वाटलं होतं, पण त्यांनी नुसती मान हलवली.

"मग काय म्हणाला तो? आनि काय बोलला माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगणं माझ्या पेशाला शोभणारं नाही.

"सरी, सरी. त्याचं पोट बरं आहे का? आत्ताशा जेवत नाही वाटतं."

हा काही कायद्याचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, चौकशी करीन. नंतर राहून गेलं.

२३ ऑगस्ट

एक खुर्ची विकत आणली. येणाऱ्या माणसाला ट्रंकेवर बसवणं बरं दिसत नाही.

आता आठवड्यातून तीनचारदा कोणी ना कोणी येतं. हंबीरराव वर येतात, पिराजी मला बाजारात किंवा कॉलेजशी गाठतात. दुकानात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कापडाचा तुकडा हवा तर कारागिराला मध्ये घालून मागतात. त्यामुळे दोघांनाही बोलायला मीच. प्रत्येकाची बाजू मी नीट समजून घेतो, कुठल्याही एका बाजूला झुकत नाही. काल हंबीरराव म्हणाले, "जाऊ दे मास्तर, त्याच्याही घरी खाणारी तोंडं हायेत." मी त्यांना सांगितलं, की असं भावनेच्या भरात हक्क सोडू नये. आधी हक्क काय तो ठरू द्या, सोडायचा की नाही ते मग पाहू. त्यांनी मान डोलावली. उद्या पुन्हा येणार आहेत.

स्टाफरूममध्ये हल्ली मी पेपर वाचत बसतो. काही वाटत नाही.

१२ सप्टेंबर

गंगव्वाअक्का स्वतः वर आल्या. त्या सहसा जिना चढत नाहीत, गुडघे दुखतात. मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दारातच उभ्या राहिल्या.

"तम्मा, दोघंबी तुझं ऐकतेत. एकदा दोघांना इथं बसव. म्हण, पुरे झालं आता."

"अक्का, मी सल्ला देतो. ते काय करायचं ते त्यांनी ठरवायचं."

"सल्ला नको रे. नुसतं एका जागी बसव. दोघांपैकी कुणी आधी तोंड उघडायला तयार नाही, तेवढंच आहे."

मी त्यांना समजावून सांगितलं. माझ्या शब्दाचा दोघांवर प्रभाव आहे, म्हणूनच मला तो वापरता येत नाही. वजनदार माणसाच्या दबावाखाली दिलेली संमती ही खरी संमती नसते. करारच रद्द होऊ शकतो.

अक्कांनी ऐकून घेतलं. "तू एकटा असतोस ना रे वर," एवढंच म्हणाल्या आणि उतरल्या. विषय कुठल्या कुठे नेतात या बायका.

२७ सप्टेंबर, रविवार

आज हंबीररावांनी विचारलं, यातून बाहेर कसं पडायचं?

खरं तर सोपं आहे. ऐच्छिक भागीदारीत एकाने दुसऱ्याला लेखी नोटीस दिली की फर्म मोडली. कारण द्यावं लागत नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"लग्न मोडायला पंचायत लागते," ते म्हणाले. "आन् याला एक कागद?"

मग म्हणाले, लिहा. मी लिहायला घेतलं तर म्हणाले, आज नको, उद्या बघू. मी म्हटलं, मनाशी ठरलं असेल तर विलंबात अर्थ नसतो, गुंता वाढतो. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी चार ओळी लिहिल्या, स्वच्छ आणि निर्दोष. त्यांनी न वाचता सही केली.

"तुम्हीच द्या त्याला. मला जमायचं न्हाई."

२८ सप्टेंबर

पिराजी मशीनवर होते. मी नोटीस वाचून मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी पाय थांबवला, पण हात मशीनच्या चाकावरच राहिला.

"हे त्यानं लिहिलं?"

"मजकूर माझा. सही त्यांची."

"मास्तर, तो माझ्यापासून एवढ्या अंतरावर बसतो." समोरच्या कापायच्या टेबलाकडे हात केला. टेबल रिकामं होतं. "बोलला असता की."

"तोंडी चालत नाही. लेखीच लागते."

"होय काय," असं म्हणाले. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात घातली, पुन्हा काढली आणि टेबलावर ठेवली. मी निघालो तेव्हा कारागिरांना घरी जायला सांगत होते. संध्याकाळ व्हायला अजून बराच अवकाश होता.

कायदेशीर काम निर्वेध पार पडलं. रात्री झोप मात्र चांगली लागली नाही. डास झालेत.

१० ऑक्टोबर

आज खंडेनवमी. इकडे आयुधपूजा म्हणतात. सगळ्या चिकपेटात मशीनं, तराजू, सायकली, जे म्हणून हत्यार ते धुऊन झेंडूच्या माळा घातलेल्या. रस्त्यात कोहळे फोडलेले. आमचं दुकान बंद. हंबीरराव ओसरीवर पाठ करून पडून होते. अक्का किल्ली घेऊन एकट्याच गेल्या. मी वर खोलीत जायच्या ऐवजी त्यांच्या मागून गेलो, ताट धरायला.

त्यांनी हंबीररावांच्या कात्रीला कुंकू लावलं. मग पिराजींच्या मशीनला हळद, कुंकू, माळ, सगळं लावलं. मशीनवर धूळ होती, ती पदराने पुसली.

"आता ते या फर्ममध्ये नाहीत, अक्का," मी म्हटलं. खरं म्हणजे फर्मच नाही.

"मशीनला ठाऊक हाय का ते?" त्या म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही होत नाही.

पिराजी आता दिसत नाहीत. हंबीरराव जिन्यावर भेटतात, पण वर येत नाहीत. मीच एकदा खाली जाऊन विचारलं, काही शंका आहे का? म्हणाले, "नाही मास्तर. झालं की सगळं." कॉफी वर येत नाही. मागितली तर अक्का देतील, पण मागायची कशी?

दिवाळीत खाली दिवे होते. मला फराळाला बोलावलं. हंबीरराव एक चकली हातात धरून बसले होते, ती शेवटपर्यंत तशीच. मी बोलण्याचा प्रयत्न केला. मिरजेच्या दिवाळीबद्दल सांगितलं. कोणी काही विचारलं नाही, म्हणून थांबलो.

२४ नोव्हेंबर

आज भागीदारीचं विसर्जन शिकवायचं होतं. सकाळी तयारी करताना एका कलमाशी थबकलो. फर्म मोडली, तरी मोडण्याआधी सुरू झालेलं आणि अपुरं राहिलेलं काम पुरं करण्यापुरते भागीदारांचे अधिकार आणि जबाबदाऱ्या चालूच राहतात.

गणवेश!

काम नोटिशीच्या आधी घेतलेलं. कापडही आलं होतं. ते बंद दुकानात पडून आहे आणि कारखान्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, हे अक्कांनी सांगितलं होतं. हंबीररावांना मी हे कलम सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, हे खरं. पण वकिलाने विचारायची वाट पाहायची नसते.

वर्गात शिकवताना आवाज नीट लागत नव्हता. मुलांना वाटलं, सर्दी झालीय.

आता सांगायचं की नाही? सांगितलं तर माझा सल्ला अपुरा होता हे उघड होणार. ज्या एका घरात मला मान आहे तिथला तोही जाणार. न सांगितलं तर कोणाला कळणारही नाही.

२५ नोव्हेंबर

सांगितलं. हंबीरराव ओसरीवर होते. मी उभ्यानेच बोललो. फर्म मोडलेली आहे, तरी हातात घेतलेलं काम दोघांनी मिळून पुरं करणं भाग आहे. हे आधी सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

त्यांनी रागवायला हवं होतं.

"म्हणजे पिऱ्याबरोबर बसावं लागणार?"

"नाइलाज आहे."

"मी नको म्हटलं तरी?"

"तरी."

"कायदाच म्हणतो असं?"

"होय. कलम दाखवू?"

"नको, नको. कायदा म्हणतो तर काय करणार?" असं म्हणत ते उठलेसुद्धा. टोपी शोधायला लागले. आतून अक्कांनी टोपी आणून दिली. इतक्या तत्परतेने कोणी बंधन पत्करलेलं मी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, आधी पिराजींना रीतसर कळवायला हवं, मी जाऊन येतो. तोवर ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.

१३ डिसेंबर, रविवार

दुकान उघडलं आहे. सुट्टीच्या दिवशीही काम चालू. प्रगती पाहायला म्हणून गेलो.

निळ्या कापडाचे ढीग लागले होते. हंबीरराव एकेक सदरा कमरेत किंचित आत घेत होते. पिराजी ओरडत होते, "अरे, कामगार हायेत ते, कर्नल न्हाईत! कारखान्यानं हे सांगितलेलं नाही."

"तू शिव. कमरेवर बसला नाही तर माझं नाव जाईल."

"तुझं नाव! फर्म तर मोडलीस, कुठलं नाव?"

दोघं हसले. मी दारात उभा असल्याचं तेव्हा दिसलं. हसू थांबवून दोघंही उठले. मला स्टूल दिलं, समोरच्या हॉटेलातून कॉफी मागवली. मी कापडाची चौकशी केली, मुदतीची केली. दोघांनी आदराने उत्तरं दिली. मग पिराजी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, हंबीररावांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि पुन्हा हसू लोटलं. मला पाहून आवरलं. कॉफी गरम होती, तरी लवकर संपवली.

१७ जानेवारी १९६०

गणवेश पोचले. कारखान्याचे लोक खूश आहेत. आणखी काम देताहेत.

मी दुकानात जाऊन सांगितलं, आता अपुरं काम संपलं, तेव्हा फर्मचं अस्तित्वही खऱ्या अर्थाने संपलं. पाटी उतरवावी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, शाळकरी मुलांसारखं.

"मास्तर," हंबीरराव म्हणाले, "नवं काम घेतलं आम्ही."

"कोणत्या फर्मच्या नावानं?"

"पाटी हाय की," पिराजी म्हणाले.

मी समजावलं, की ही नवी भागीदारी झाली. या वेळी तरी रीतसर करारपत्र हवं. कोणी काय करायचं, काम घेताना कोणाची संमती लागेल, वेगळं व्हायची वेळ आली तर काय. मी लिहून देतो. पैसे नकोत. दोनतीन संध्याकाळी बसलो की होईल.

हंबीररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माप घेतल्यासारखा थोडा वेळ तो तिथेच राहिला.

"नको, मास्तर. आता काही लिहू नका."

अगदी हळू म्हणाले. एवढं हळू का, ते कळलं नाही. उगाचच डोळ्यांत पाणी आलं. बाहेर धूळ फार होती.

२१ फेब्रुवारी

गंगव्वाअक्कांची मुलगी शालन बाळंतपणाला येणार आहे. माडी लागेल. "वाईट वाटून घेऊ नको, तम्मा," म्हणाल्या. मल्लेश्वरमला कॉलेजजवळ एक खोली पाहिली.

सामान न्यायला जटका, म्हणजे इकडची घोडागाडी, आणला तेव्हा दोघंही दुकान सोडून आले. वळकटी कशी बांधायची यावरून भांडले. एकाने बांधली, दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधली. "येत जा, मास्तर," दोघंही म्हणाले. जाईन असं म्हटलं. कशासाठी म्हणून जाणार?

६ मार्च, मल्लेश्वरम

इथे मराठी कोणी नाही. शेजारी शेषाद्री नावाचे दोघे भाऊ राहतात. बाजाराच्या रस्त्यावर दोघांचं कॉफी दळून विकायचं दुकान आहे, त्यांच्या कपड्यांना सतत तो वास असतो. आज थोरला आला. इंग्रजीत म्हणाला, आपण कायदा शिकवता असं ऐकलं. धाकट्याने मला न विचारता दुसऱ्या पेठेत दुकानाला जागा घेतली. मी त्याला बांधील आहे का?

सगळी उत्तरं तोंडाशी आली. किती दिवसांनी कोणी माझ्याकडे काही विचारायला आलं होतं. माणूस बोलका होता, बसला असता, पुन्हा आला असता. उद्या धाकटाही आला असता.

मी विचारलं, "तुमचा भाऊ आत्ता घरी आहे?"

"आहे. पण त्याच्यासमोर मी बोलणार नाही."

"मग मी काही सांगू शकत नाही. दोघं मिळून या."

त्याला ते आवडलं नाही. एकट्यापुरतं सांगा, म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. असं का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. पुस्तकात तसं कुठे नाही.

१३ मार्च

आठवडाभर संध्याकाळी लवकर घरी आलो. कोणी आलं नाही.

आज भिंतीपलीकडून दोघा भावांचे आवाज येताहेत. आधी चढले होते, मग एकच आवाज बराच वेळ, मग दुसरा. भाषा कळत नाही. भांडत नाहीत, एवढं कळतं. मी दिवा न लावता तसाच ऐकत बसलो आहे.